आई सोळा वर्षांची असली तरी बाळ तिच्याकडेच का राहावे: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

बालविवाहातून जन्मलेल्या बाळांच्या ताब्याविषयी मी जे लिहिले, त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत. परभणी जिल्ह्यात मुख्याध्यापक म्हणून आपण निवृत्त झालात, नववी-दहावीच्या वर्गातून मुली एकामागून एक कमी होताना आपण पाहिल्या आहेत, म्हणून आपल्या संतापाला आधार आहे हे मी जाणते. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला कायदा मतदान करू देत नाही, जमिनीचा करार करू देत नाही, मग एक जिवंत बाळ तिच्या हाती कसे देतो? असे बाळ बालकल्याण समितीने (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीने) ताब्यात घ्यावे, आई अठरा वर्षांची होऊन कमावती होईपर्यंत ते शिशुगृहात किंवा मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्याकडे ठेवावे. बाळ तिच्याकडेच राहू देणे म्हणजे बालविवाह लावणाऱ्या घराला बक्षीस देणे आहे, आणि माझे लेखन भावनेपोटी झाले आहे. शेवटी आपण विचारले आहे की, अशी आई शाळेत गेली तर बाळ सांभाळणार कोण?

भावनेचा आरोप मी बाजूला ठेवते आणि कायद्यापासून सुरुवात करते, कारण करार करू न शकणाऱ्या मुलीला पालकत्व कसे मिळते, हा आपला प्रश्न कायद्याला फार पूर्वी पडलेला आहे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम २१ नुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली, व्यक्ती दुसऱ्या अज्ञानाची पालक होऊ शकत नाही. मात्र त्याच कलमात स्वतःच्या अपत्याचा अपवाद स्पष्ट शब्दांत केलेला आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने अज्ञान व्यक्तीला अपात्र ठरवले ते दुसऱ्या अज्ञानाच्या मालमत्तेपुरते, आणि पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे सांगताना त्या आईच्या वयाची अट घातली नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ तर अशाच घरांसाठी लिहिला गेला. त्याच्या कलम ५ नुसार अशा विवाहातील अपत्याचा ताबा ठरवताना जिल्हा न्यायालयाने अपत्याचे हित सर्वांत वर ठेवायचे आहे, आणि कलम ६ नुसार ते अपत्य औरसच, म्हणजे कायदेशीर, मानले जाते. यांपैकी एकाही कायद्यात केवळ वयामुळे आईचा हक्क जातो असे म्हटलेले नाही. जमिनीचा व्यवहार दोन-तीन वर्षे थांबू शकतो, तान्हे बाळ थांबू शकत नाही, एवढा भेद इंग्रजी अमदानीतल्या कायदेकर्त्यांनाही कळला होता.

आता आपल्या भागाकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के आणि बीडमध्ये जवळपास ४४ टक्के होते. याचा अर्थ आपण सुचवलेला नियम एखाद्या अपवादात्मक घराला लागणार नाही, तो वाडी-तांड्यांवरच्या घरांना ओळीने लागेल. ही लग्ने का होतात हे आपल्याला मी सांगायला नको. दिवाळीच्या आसपास आई-वडील उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर जातात, चार-सहा महिने पाचटाच्या खोपीत राहतात, आणि वयात आलेली मुलगी गावाकडे कोणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न त्यांच्यापुढे दरवर्षी उभा राहतो. दुसऱ्या बाजूला मजुरांची टोळी नेणारा मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे मुलाच्या घरालाही सून लवकर हवी असते. ज्या मुलीचे लग्न तिला न विचारता या हिशेबावर लावले गेले, त्या मुलीचे बाळही तिला न विचारता घ्यावे, असे आपण सुचवत आहात. शिक्षा लग्न लावणाऱ्यांना व्हावी याबद्दल आपल्यात मतभेद नाही. ती मुलीने का भोगावी, हे मात्र आपल्या प्रतिक्रियेत मला सापडले नाही.

मी जिल्हा न्यायालयात कौटुंबिक प्रकरणे चालवते, आणि आपण मांडलेला युक्तिवाद मला तिथे वारंवार ऐकायला मिळतो. फक्त तो मांडणारे लोक आपल्यासारखे शिक्षणाची कळकळ असलेले नसतात. एका प्रकरणात सोळा वर्षांच्या मुलीने बाळंतपणानंतर लगेच तोडणीला जायला नकार दिला, तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले आणि बाळ, मुलगा असल्यामुळे, स्वतःकडे ठेवून घेतले. अर्ज दाखल झाल्यावर त्यांनी लेखी उत्तर दिले की मुलगी स्वतःच लहान आहे, अजाण आहे, तिला बाळाचे काय कळते. लग्नात, नांदण्यात, खोपीत चूल पेटवून पहाटे फडात उतरण्यात जी मोठी होती, ती बाळाचा ताबा मागताक्षणी लहान ठरली. वयाचा मुद्दा एकदा निर्णायक मानला की त्याचा वापर कोण करणार, याचा विचार आपण करावा. मुलगी झाली असती तर ते लेखी उत्तर आले असते का, याची मला शंका आहे.

आपला सर्वांत वजनदार मुद्दा बाळाच्या हिताचा आहे आणि तो मी टाळणार नाही. अगदी कमी वयाच्या आईचे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असण्याचा धोका अधिक असतो. तिच्या स्वतःच्या अंगात रक्त कमी असते, हाडे अजून वाढत असतात. पण हा धोका गर्भारपणातला आणि बाळंतपणातला आहे, आणि बाळ तिच्या कुशीतून उचलल्याने तो मागे जाऊन भरून निघत नाही. उलट, कमी वजनाच्या बाळाला पहिले सहा महिने जे सर्वांत जास्त लागते ते आईचे दूध आणि तिच्या अंगाची ऊब हेच आहे. नवजात शिशू कक्षातल्या सिस्टर अशा बाळाला आईच्या छातीशी उघडे बांधून ठेवायला सांगतात ते उगाच नव्हे. संस्थेत पाळीपाळीने बदलणाऱ्या आयांच्या हातून बाटलीचे दूध पिणारे बाळ अधिक सुरक्षित असते, असे मानायला मला आधार दिसत नाही. अल्पवयीन न्याय अधिनियम, २०१५ नेही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. आशाताईंनी दवाखान्यात झालेल्या प्रत्येक बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बाळ पाहायचे असते. या भेटी अल्पवयीन आईच्या घरी काटेकोरपणे झाल्या, वजन खरेच काट्यावर घेतले गेले, तर बाळाचे जेवढे भले होईल तेवढे कोणत्याही ताब्याच्या आदेशाने होणार नाही.

इथे एक विसंगतीही सांगायला हवी. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेत जे ५,००० रुपये मिळतात, ते अठरा वर्षांखालील आईला मिळत नाहीत. बालविवाहाला उत्तेजन नको हा त्यामागचा विचार आपल्या ‘बक्षीस’ या शब्दाशी जुळणारा आहे. पण पैसे मिळत नाहीत म्हणून लग्न थांबल्याचे मी पाहिलेले नाही. थांबतो तो त्या मुलीच्या ताटातला आहार.

ज्या धाकावर आपली भिस्त आहे, त्याचा परिणाम मात्र मी पाहिला आहे. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असल्याचे कळले की पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या) कायद्याखाली पोलिसांना कळवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे, आणि २०१७ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार, नवरा असणे हा बचाव उरलेला नाही. हे कायदे रद्द व्हावेत असे मी म्हणत नाही. परंतु त्यांची भीती घरात शिरल्यावर काय होते? नाव नोंदवायला उशीर होतो, आधार कार्डावरचे वय वाढवून घेण्याची धडपड होते, सोनोग्राफीसाठी दुसऱ्या तालुक्याला जाऊन खोटे नाव सांगितले जाते, आणि काही वेळा कळा सुरू होईपर्यंत मुलगी दवाखान्याचे तोंडही पाहत नाही. आता ‘बाळही काढून घेतील’ ही भीती त्यात घातली, तर उरलेल्या मुलीही खोपीतच बाळंत होतील. लसीकरणाची नोंद नाही, जन्माची नोंद नाही, अशा बाळाचे हित कोणती समिती पाहणार आहे?

२३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात दिलेला निर्णय आपण जरूर वाचावा. चौदा वर्षांची मुलगी घर सोडून एका प्रौढ पुरुषाकडे गेली, तिला मूल झाले, पुरुषाला पोक्सोखाली दोषी ठरवले गेले. न्यायालयाने त्याचा गुन्हा कायम ठेवला. पण नेमलेल्या समितीच्या अहवालातून दिसले की त्या मुलीला खरी झळ पोलीस, कोर्ट आणि त्याला सोडवण्यासाठीची तिची एकाकी लढाई यांची बसली होती, आणि घर, समाज, यंत्रणा या सर्वांनी तिला आधीच वाऱ्यावर सोडले होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकार वापरून न्यायालयाने त्याला पुढची शिक्षा दिली नाही आणि त्या मुलीची व तिच्या लेकराची जबाबदारी राज्याने घ्यावी असे निर्देश दिले. हा निर्णय इतर प्रकरणांना दाखला म्हणून वापरता येणार नाही, हेही त्याच न्यायालयाने बजावले आहे, म्हणून मी तो वकिलाच्या थाटात आपल्यापुढे ठेवत नाही. त्यातली राज्याच्या जबाबदारीची दिशा मला महत्त्वाची वाटते: आई आणि लेकरू दोघांचीही.

माझा आग्रह नेमका इथेच आहे. सोळा वर्षांची आई ही स्वतः काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, त्यामुळे बालकल्याण समितीसमोर एक बाळ आणि एक गुन्हेगार आई उभी नसते, दोन बालके उभी असतात. त्यांना वेगळ्या गाडीतून वेगळ्या संस्थेत पाठवण्याचा आदेश निघतो, तेव्हा दोघांचेही नुकसान होते. घरी राहणे धोक्याचे असेल तर दोघांना एकत्र ठेवणारी जागा राज्याने उभी करावी. घरी राहता येत असेल तर आजी, मावशी, आत्या, जी कोणी खरोखर उभी राहील तिचे नाव आदेशात लिहून तिला समितीपुढे उत्तरदायी करावे. बालसंगोपन योजनेतून अशा बाळाला मदत मिळवून देण्याचे काम समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला मनावर घेतल्यास जमते.

‘तोपर्यंत दत्तक जोडप्याकडे’ ही आपली सूचना कायद्यात बसत नाही. दत्तकाचा आदेश झाला की जन्मदात्या आईशी असलेले नाते कायमचे संपते, मुलगी अठरा वर्षांची होऊन दारात आली तरी ते परत जुळत नाही. ठरावीक मुदतीसाठी असते ती प्रतिपालकत्वाची व्यवस्था, आणि आपल्या भागात ती अजून फारशी रुजलेली नाही. मूल मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबलेली चांगली जोडपी आहेत हे खरे. त्यांची रांग लांब आहे म्हणून आमच्या मुलींनी ती आखूड करावी, असा हिशेब मात्र मांडता येत नाही.

बाळ आईपासून वेगळे व्हावेच लागते अशी प्रकरणे आहेत, आणि तिथे मी आपल्या बाजूला आहे. घरातल्याच पुरुषाकडून लादलेले गर्भारपण असेल, बाळाच्या जिवाला त्या घरात धोका असेल, किंवा मुलीला स्वतःलाच ते मूल नको असेल, तर तिच्यावर मातृत्वाची महती लादणे क्रूरपणाचे आहे. २०१५ च्या कायद्याने बाळ समितीकडे सोपवण्याची वाट ठेवली आहे आणि फेरविचारासाठी दोन महिने दिले आहेत. अविवाहित मुलींच्या बाबतीत ‘हिचं पुढं लग्न कसं व्हायचं’ या एकाच काळजीने आई-बापच कागदावर अंगठा घ्यायला निघतात, म्हणून त्या दोन महिन्यांत कोणी तरी मुलीशी एकटीशी, घरच्यांना बाहेर बसवून, बोलले पाहिजे. हे बोलणे बहुतेक वेळा होत नाही.

बाळाच्या वडिलांविषयी आपण काहीच लिहिले नाही, याचे मला नवल वाटले. तोही सतरा वर्षांचा असेल तर त्याला भेटीचा हक्क असावा आणि त्याच्या घराने बाळाच्या खर्चाचा वाटा उचलावा. तो पंचविशीचा असेल तर केवळ सज्ञान आणि कमावता आहे म्हणून ताबा त्याच्याकडे जाऊ नये, कारण त्याचे सज्ञान असणे हीच या प्रकरणातली त्याच्याविरुद्धची बाब आहे.

माझ्या बाजूने बोलणारे लोक नेहमी एक दाखला देतात, तो मी मुद्दाम वापरलेला नाही: आमच्या आज्या तेराव्या-चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांनी दहा-दहा लेकरे वाढवली. त्यांतली किती जगली आणि त्या आज्यांचे काय झाले, हे विचारले की तो दाखला तिथेच गळतो.

आता आपला शेवटचा प्रश्न. आई शाळेत गेल्यावर बाळ सांभाळायला बहुतेक घरांत आजी असते, पण हंगामात ती फडावर असते, आणि अंगणवाडीत तान्ह्या बाळाची दिवसभराची सोय नसते. अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालवण्याची केंद्राची योजना आहे, तिथे सहा महिन्यांपुढची बालके घेतली जातात. ती ऊसतोडीच्या गावांत आधी यावी, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करता येईल. रोज शाळेत जाणे जमतच नसेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसण्याची सोय राज्य मंडळाने ठेवली आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि तो मागायला कडेवर बाळ घेऊन जुन्या शाळेच्या कार्यालयात शिरण्याची या मुलींना लाज वाटते. आपण ज्या शाळेत होतात तिथल्या नववीतून गेलेल्या मुलींची नावे हजेरीपटावर असतील. त्यांचे दाखले काढून ते घरपोच देण्याची व्यवस्था आपल्या शब्दाखातर शाळा करील, असे मला वाटते. फॉर्मची मुदत चुकू नये, एवढे पाहावे लागेल. त्यातल्या कोणाच्या ताब्याचा किंवा पोटगीचा प्रश्न असेल, तर माझ्याकडे पाठवा. अशा कामाची फी मी घेत नाही.

आपली,
लेखिका