‘दोन महिने थांबलं तर काय बिघडतं?’ एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारं पोलीस तक्रार प्राधिकरण निवडणुकीतही चालू राहावं, असं मी लेखात मांडलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: “निवडणुकीत पोलीस निवडणूक आयोगाच्याच ताब्यात असतात. तक्रार प्राधिकरण दोन महिने थांबलं तर काय बिघडतं? पोलिसांचं मनोधैर्य खचवू नका. टेबलावर बसून लिहिणाऱ्यांना खेडं काय कळणार!” मतभेद चालतो. शेवटचं वाक्य मात्र खपवून घेणार नाही. सोळा वर्षं यवतमाळ-वाशीमकडच्या लोकांना पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचे अर्ज लिहून देतोय. तुम्ही असा एक तरी अर्ज लिहिलाय का?

एक चूक मान्य. लेखात ‘जिल्हा प्राधिकरण’ असं पडलं होतं. पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालात जिल्हा पातळी सांगितली होती, पण आपल्या राज्यानं पोलीस कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीत विभागीय प्राधिकरण ठेवलं. म्हणून गडचिरोलीच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याच्या माणसालाही नागपूरच गाठावं लागतं. शब्द दुरुस्त केलाय.

आता तुमचे दोन महिने. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २८-अ वाचा. निवडणूक कामासाठी नेमलेले पोलीसच आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर धरले जातात, तेही अधिसूचनेपासून निकालापर्यंत. आचारसंहिता त्याआधीच लागलेली असते. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला तर हे कलम लागूच नाही. आयोग बदली करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलीस महासंचालक रश्मी शुक्ला यांची केली, निकालानंतर त्या परत त्याच पदावर आल्या. पण ठाण्यात मार खाल्लेल्या माणसाची चौकशी अशा बदलीनं होत नाही.

आणि मार नेमका याच दिवसांत बसतो. मतदानाआधी चॅप्टर केसेसचा (शांतता राखण्याची हमी लिहून घेणाऱ्या कारवायांचा) सपाटा असतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच, उचलाउचली होते. २४ तासांत माणूस सुटतो, हातात कागद काहीच नसतो. वळ पंधरा दिवसांत पुसट होतात. ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज किमान एक वर्ष जपा, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. पण हार्डडिस्क लहान असली तर भरल्यावर जुनं आपोआप पुसलं जातं. शिवाय त्या कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीत ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचा अध्यक्ष बसतो. प्रचाराच्या दिवसांत तो कुणाच्या बाजूचा असतो, हे तुम्हीच सांगा.

म्हणून सुटल्या दिवशीच सरकारी रुग्णालयात एमएलसी, म्हणजे जखमांची कायदेशीर वैद्यकीय नोंद, करून घ्यायची. ठाणेदाराला फुटेज जपण्याचा लेखी अर्ज द्यायचा: आत नेल्याची आणि सोडल्याची वेळ, कॅमेरा कुठल्या खोलीतला, शिपायाचा बक्कल नंबर. पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं, प्रत पोलीस अधीक्षकांना. मग शपथपत्रासह प्राधिकरणाकडे. तिथला कारकून निवडणूक ड्युटीवर आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी असेल, तर फुटेज मागवणार कोण? माझी मागणी एवढीच होती: रिकाम्या जागा आचारसंहितेआधी भरा, तिथल्या माणसांना निवडणुकीच्या कामाला लावू नका, सुनावणीच्या तारखा पुढे ढकलू नका. ती तुम्ही वाचलीच नाहीत.

मनोधैर्याचा मुद्दा उत्तर देण्याइतका मोठा नाही. पुढच्या वेळी टोपणनावाआड न लपता लिहा, आणि कलम वाचून या.