सेंत-एक्झुपेरीचं विमान सापडलंय, कधीच

'द लिटल प्रिन्स' हे पुस्तक लिहिणाऱ्या फ्रेंच लेखक-वैमानिक आन्त्वान द सेंत-एक्झुपेरीबद्दल एक फॉरवर्ड परत फिरतोय. म्हणे त्याने ते पुस्तक वाळवंटात अडकलेला असताना लिहिलं, तो फायटर पायलट होता, आणि शेवटी विमानासकट असा गायब झाला की आजतागायत काहीच सापडलं नाही. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

वाळवंटाचं आधी. डिसेंबर 1935 मध्ये पॅरिस ते सायगाव (व्हिएतनाम) वेगाने उडण्याच्या रेकॉर्डच्या नादात त्याचं विमान इजिप्तमधल्या लिबियन वाळवंटात पडलं हे खरंय, तो आणि मेकॅनिक प्रेव्हो पाण्यावाचून मरायला टेकले होते, बेदुइनांमुळे वाचले. पण पुस्तक लिहिलं 1942 मध्ये, अमेरिकेत, चित्रंही त्यानेच काढली, आणि 1943 ला ते न्यूयॉर्कलाच छापलं. फ्रान्समध्ये आलं तोवर हा गेला होता.

फायटर पायलट? अहो, दुसऱ्या महायुद्धातल्या त्याच्या शेवटच्या विमानात बंदूकच नव्हती! लाइटनिंग या अमेरिकन लढाऊ विमानाचं फोटो काढायचं मॉडेल, बंदुकांच्या जागी कॅमेरे. वय 44, वयाची मर्यादा कधीच उलटलेली, जुन्या अपघातांनी शरीर खिळखिळं, तरी वरिष्ठांच्या मागे लागून लागून परवानगी मिळवली. आणि त्याच्या आधी 1926 पासून फ्रान्समधलं तुलूझ ते आफ्रिकेतलं डाकार या हवाई लाइनवर टपाल वाहायचा, ही त्याची खरी ओळख, ती फॉरवर्डमध्ये कुठेच नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता गायब होण्याचं. 31 जुलै 1944 ला कॉर्सिकाहून उडाला तो परतलाच नाही, इथवर बरोबर. पण 1998 मध्ये मार्सेयजवळ रिऊ बेटापाशी ज्याँ-क्लोद बियांको नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात चांदीचं ब्रेसलेट आलं, त्यावर लेखकाचं नाव, बायकोचं 'कोन्सुएलो' आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता कोरलेला. लोक त्यालाच खोटारडा म्हणाले! मग ल्यूक व्हॅनरेल या डायव्हरला तिथेच समुद्रतळाशी अवशेष दिसले, 2003 ला ते वर काढले आणि एका तुकड्यावर 2734 हा कारखान्याचा नंबर निघाला, तो ह्याच्याच विमानाचा, 2004 ला तसं जाहीरही झालं.

ते पडलं कसं, हे मात्र अजून ठरलेलं नाही. 2008 मध्ये एक जर्मन पायलट 'मीच पाडलं' म्हणाला, पण त्या वेळच्या जर्मन नोंदींत त्याला आधार मिळाला नाही. म्हणून 'काहीच सापडलं नाही' म्हणायचं का? अवशेष पॅरिसजवळ ल बूर्जेच्या विमान म्युझियममध्ये ठेवलेत.