काळे दगड, पण जळके नव्हेत

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे चर्चबद्दलचा एक मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय: 1945 मध्ये चर्चवर थेट बॉम्ब पडला, ते क्षणात कोसळलं, मग त्याच जळून काळ्या झालेल्या दगडांनी जसंच्या तसं उभं राहिलं, आणि संगीतकार बाखने वाजवलेला ऑर्गन तिथे आजही घुमतो. भावना चांगली आहे, पण तपशिलात घोळ आहे.

क्षणात कोसळलं, हे आधी घेऊ. 13 फेब्रुवारीच्या रात्री हल्ला सुरू झाला आणि घुमट पडला 15 तारखेच्या सकाळी. मधले दीड दिवस तो उभा होता. चर्चला मारलं ते आगीने. आतल्या आठ वालुकाश्मी खांबांवर हजारो टनांचा दगडी घुमट पेललेला. उष्णतेने खांबांचा जीव गेला आणि वरचा भार खाली आला. तळघरात आसऱ्याला असलेली माणसं तोवर बाहेर पडली होती.

काळे दगड जुने आहेत, एवढं खरं. पण काळेपणा बॉम्बचा नाही. एल्बे खोऱ्यातला हा वालुकाश्म कापला की पिवळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं ऊन-पाऊस-धूर खाऊन काळवंडतो. युद्धाआधीच्या छायाचित्रांत बघा, चर्च काळपटच आहे. आजचे पिवळे दगडही पुढे तसेच होणार.

‘त्याच दगडांनी’ म्हणणंही जरा जास्तच. ढिगारा उपसताना एकेका दगडाची नोंद झाली, संगणकावर त्याची मूळ जागा शोधली गेली; तरी दर्शनी भागात परत बसले ते साधारण 3,800. म्हणून पिवळ्या भिंतीत मध्येच एखादा काळा चौकोन दिसतो, बुद्धिबळाच्या पटावरचं घर चुकून तिथे आल्यासारखा. सलग काळे दिसणारे मोठे भाग मात्र परत रचलेले नाहीत. ते पडलेच नव्हते.

‘जसंच्या तसं’ला बाहेरून माझी हरकत नाही. चर्चचा मूळ वास्तुकार ग्येऑर्ग बेअर याचा घंटेसारखा घुमट तोच वाटतो. मात्र घुमट पूर्ण होण्याआधीच, 1738 मध्ये, बेअर वारला आणि पुढे भेगांची चिंता कायम राहिली. म्हणून 1994 ते 2005 च्या बांधकामात पोलादी कड्यांनी घुमट आवळून घेतला.

ऑर्गनची थाप मला सर्वांत खटकते. बाखने 1 डिसेंबर 1736 ला तिथे वाजवला तो गॉटफ्रीड झिल्बरमानचा ऑर्गन. तो 1945 च्या आगीत गेला. आज वाजतो तो स्ट्रासबुर्गच्या डानिएल केर्नने बांधलेला, 2005 चा.