"अँटिफ्रीझवाली वाईन" या प्रतिक्रियेला उत्तर

ऑस्ट्रियाच्या वाईनवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, तेव्हाच लिहायला बसले असते तर काहीतरी जास्त बोलून गेले असते म्हणून सकाळपर्यंत थांबले. राग मात्र गेलेला नाही.

तुम्ही लिहिलंय, "ताई, ऑस्ट्रिया म्हणजे ती अँटिफ्रीझवाली वाईन, खरी वाईन फ्रान्स-इटलीची, आधी अभ्यास करा मग लिहा." एक चूक माझी आहे, कबूल. ऑस्ट्रियातला तो वाईन-भेसळीचा घोटाळा 1985 चा, लेखात मी 1986 लिहिलं होतं, दुरुस्त केलंय.

पण अभ्यास करा म्हणजे काय हो? मी निफाडची, घरची द्राक्षबाग. वेलींची खरड छाटणी, गोडी छाटणी, डावणी हा बुरशीचा रोग आला की घरात कुणाला झोप नाही, हे बघत मोठी झाले. नंतर सात वर्षं व्हिएन्नात होतो आम्ही, त्यातली चार वर्षं मी सप्टेंबर-ऑक्टोबरात वाइनफिअर्टल या व्हिएन्नाजवळच्या द्राक्षपट्ट्यात ओळखीच्यांच्या बागेत तोडणीला जायचे, कंबर धरेपर्यंत. तुम्ही कुठे गेला होतात?

काय झालं होतं ते सांगते. जर्मनीत गोड वाईनला स्वस्तात मागणी होती, तेवढी गोडी द्राक्षात भरत नव्हती, म्हणून काही जणांनी हलक्या वाईनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे गोडसर रसायन मिसळलं, पेपरवाल्यांनी त्याला अँटिफ्रीझ, म्हणजे गाडीच्या इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते, म्हटलं आणि तोच शब्द तुम्ही उचललात. त्यात कुणी दगावल्याची नोंद नाही. पुढच्याच वर्षी इटलीत वाईनमध्ये मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलं गेलं आणि वीसहून जास्त माणसं मेली. तरी इटली म्हटलं की तुम्हाला बारोलो, किआंती अशा नावाजलेल्या वाईन आठवतात, आणि ऑस्ट्रिया म्हटलं की फक्त तेच! हा कुठला अभ्यास?

ऑस्ट्रियाने 1985 मध्येच इतका कडक कायदा केला की आजही तिथल्या दर्जेदार वाईनला तपासणी होऊन सरकारी नंबर मिळाल्याशिवाय झाकणावर ती लाल-पांढरी-लाल पट्टी लागत नाही. आणि नाव परत कमावलं ते गोड वाईन विकून नाही, ग्र्युनर फेल्टलिनर या द्राक्षाच्या कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, पांढऱ्या वाईनवर.

हे मला एवढं का लागलं तर 2010 साली आपल्या द्राक्षांत सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला, त्यात आमचाही होता. निर्यातदाराने फोन उचलणं बंद केलं आणि वडिलांनी बागेत राहिलेला माल लोकल मार्केटला पडेल भावात दिला. त्यानंतर कुणी "भारतातली द्राक्षं म्हणजे ती औषधवाली ना" म्हटलं की वडील उठून आत जायचे. व्हिएन्नाजवळच्या त्या बागेतले आजोबा 1985 चा विषय निघाला की असेच गप्प व्हायचे, त्यांनी तर आयुष्यात कधी काही मिसळलं नव्हतं. त्यांच्या बाटलीला तुम्ही अँटिफ्रीझ म्हणताय.

बाकी किमती दिल्या नाहीत, अर्धा लेख प्रवासवर्णन आहे, ही तुमची तक्रार ठीक आहे, ज्याला आवडेल त्याने वाचावं, त्यावर मी वेळ घालवणार नाही.

पुन्हा प्रतिक्रिया द्यायची तर जरूर द्या. फक्त ताई म्हणून सुरुवात करू नका, आमच्याकडे बहिणीशी असं कुणी बोलत नाही.