इंजिन बदललं म्हणून गिअरबॉक्सचा ईसीयू जात नाही

सातारा, कराड, सांगली-मिरज भागातल्या बसमालकांच्या आणि गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. लिलावात घेतलेल्या जुन्या शहर बस आता शाळांना, साखर कारखान्यांना, एमआयडीसीच्या कामगारांना चालतात. त्यातल्या काहींना अ‍ॅलिसन किंवा झेडएफ कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो, आणि मेसेज अशा गाड्यांसाठीच आहे. ईसीयू म्हणजे गिअर कधी टाकायचा हे ठरवणारा कॉम्प्युटर, आणि कॅन म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन. तो असा:

"इंजिन बदलल्यावर ऑटो गिअरबॉक्स एकाच गिअरला अडकला की त्याचा ईसीयू गेला समजा. आधी बॅटरी अर्धा तास काढून ठेवा, नवीन इंजिन तो आपोआप शिकतो. नाही शिकला तर तसल्याच दुसऱ्या गाडीचा ईसीयू लावा. कॅनच्या दोन वायर जोडल्या की काम झालं, नाही चाललं तर १२० चा रेझिस्टर टाका. झटके मारत असेल तर ऑइल एक लिटर जास्त भरा."

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची ऐकून चांगला गिअरबॉक्स खोलला जातो आणि चांगला ईसीयू भंगारात जातो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"एकाच गिअरला अडकला की ईसीयू गेला"

बहुतेक वेळा ईसीयू शाबूत असतो आणि तोच गाडी अडवून धरतो. एक्सलेटर किती दाबलाय हे त्याला कळत नसेल, इंजिनचे आरपीएम मिळत नसतील किंवा आत-बाहेरच्या स्पीड सेन्सरचं गणित जुळत नसेल, तर क्लच प्लेटा जळू नयेत म्हणून तो शिफ्टिंग थांबवतो आणि 'चेक ट्रान्स'चा दिवा लावतो. खरंच ईसीयूशी संपर्क तुटला असेल, तर अ‍ॅलिसनच्या सिलेक्टरवर गिअरचा आकडा येतच नाही. डिस्प्ले कोरा राहतो किंवा मांजरीच्या डोळ्यांसारख्या दोन खुणा दिसतात. तसं दिसलं तरी आधी फ्यूज, २४ व्होल्टचा सप्लाय आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) तपासायचा.

अर्थ ही इंजिन बदललेल्या गाडीतली सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. इंजिन ते चॅसी जाणारी जाड पट्टी जुन्या इंजिनाबरोबरच निघून जाते. मग सेल्फ मारताना लागणारा करंट वाट शोधत सेन्सरच्या शिल्डमधून आणि केबलींमधून परत जातो. चावी ऑन करा, हेडलाइट लावा, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ईसीयूच्या अर्थ पिनला लावा. ०.१ व्होल्टच्या आसपास ठीक, ०.२ च्या वर गेलं तर अर्थ साफ करून, रंग खरवडून पुन्हा घट्ट बसवा. मग तसंच सेल्फ मारत असताना बघा. उभ्या गाडीत चांगला वाटणारा अर्थ सेल्फच्या वेळी उघडा पडतो.

त्यानंतर कोड. अ‍ॅलिसनच्या पुशबटण सिलेक्टरवर वर-खालचे दोन्ही बाण एकदम दाबले की डिस्प्लेवर कोड येतात. ऑइल लेव्हल सेन्सर असेल तर आधी लेव्हल येते, पुन्हा दाबल्यावर कोड. जुन्या पिढीत ते दोन जोड्यांत येतात: २१ ने सुरू झाला तर एक्सलेटर पोझिशन, ६६ ०० आला तर इंजिनशी संवाद. नव्या पिढीत यू०१०० म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा निरोप मिळत नाही, यू००७३ म्हणजे कॅन लाइनच बंद पडली, पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. पी०७१७ आणि पी०७२२ हे टर्बाइन आणि आउटपुट स्पीडचा सिग्नल नसल्याचे कोड आहेत. इंजिन उतरवल्यानंतर लगेच हे दोन आले तर सेन्सर मागवू नका. कपलर (वायरींचा प्लग) लावायचा राहिलाय का आणि वायर बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या आवरणाच्या) कडेत चेमटली आहे का ते बघा. 'यू'ने सुरू होणारा कोड असेल तर गिअरबॉक्सला हात लावायचं काहीच कारण नाही.

ईसीयू खरंच मरतो तो वेल्डिंगने. नव्या इंजिनाचे माउंटिंग चॅसीवर वेल्ड करताना कपलर जागेवर ठेवले आणि वेल्डिंगचा अर्थ लांब कुठेतरी पकडला, तर इंजिनचा, गिअरबॉक्सचा, एबीएसचा असे सगळे ईसीयू धोक्यात येतात. बॅटरीच्या दोन्ही वायर काढा, ईसीयूंचे कपलर काढा, वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी शेजारी लावा.

"बॅटरी काढून ठेवा, तो आपोआप शिकतो"

हेच ते अर्धं खरं वाक्य. हे गिअरबॉक्स शिकतात, पण शिकतात ते आपल्याच क्लचबद्दल: कुठला क्लच किती वेळात भरतो, त्याला किती प्रेशर लागतं. ही नोंद ज्या मेमरीत असते ती बॅटरी काढल्याने पुसत नाही, त्यामुळे अर्धा तास असो की रात्रभर, फरक शून्य. ती पुसायला आणि नव्याने जलद शिकवायला कंपनीचं सर्व्हिस सॉफ्टवेअर लागतं.

अ‍ॅलिसनचा ईसीयू सुरुवातीच्या ठराविक स्टार्टमध्ये आणखी एक गोष्ट आपोआप ओळखतो: एक्सलेटरची माहिती कॅनवरून येते की स्वतंत्र सेन्सरवरून, रिटार्डर (ब्रेकला मदत करून वेग कमी करणारा भाग) आहे का, ऑइल लेव्हल सेन्सर आहे का. एकदा ओळखलं की तो उत्तर धरून बसतो. जुन्या इंजिनला डिझेल पंपाच्या लिव्हरवर सेन्सर होता आणि नवं कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणारं) असेल, तर ईसीयू अजून त्या निघून गेलेल्या सेन्सरचीच वाट बघत असतो. ही ओळख पुन्हा उघडायची तर तेही सॉफ्टवेअरनेच.

इंजिनचे कमाल आरपीएम तर तो कधीच शिकत नाही, ते कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे ईसीयूत भरलेल्या त्या गाडीच्या आकड्यांत, लिहिलेले असतात. समजा जुनं इंजिन २५०० ला गव्हर्न होत होतं (त्यावर चढत नव्हतं) आणि पूर्ण एक्सलेटरला शिफ्ट २४०० ला ठरवलेली आहे. नवं इंजिन २२०० लाच थांबत असेल तर २४०० कधी येणारच नाही. गाडी त्याच गिअरमध्ये रेस होत राहते आणि लोक म्हणतात वरचा गिअर टाकत नाही. उलट नवं इंजिन २८०० चं असेल तर वरचा गिअर लवकर पडतो आणि चढाला दम राहत नाही. दोन्हीत गिअरबॉक्स निर्दोष आहे, कॅलिब्रेशन नव्या इंजिनाप्रमाणे भरून घ्यावं लागतं. त्याच वेळी नव्या इंजिनचा कमाल टॉर्क गिअरबॉक्सच्या इनपुट मर्यादेत बसतो का, हेही विचारून घ्या.

"दुसऱ्या गाडीचा ईसीयू लावा"

हा सल्ला धोक्याचा आहे. बाहेरून डबा तोच, कपलर तोच, पण आतलं कॅलिब्रेशन त्या गाडीचं: तिचं इंजिन, तिचा रिटार्डर, तिच्या पिनांना नेमून दिलेली कामं. न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागू नये हे कामही अनेक गाड्यांत याच ईसीयूच्या एका पिनवरून चालतं. पिनचं काम बदललं तर गिअरमध्ये असताना सेल्फ लागू शकतो, आणि त्या वेळी बसपुढे शाळेची मुलं असू शकतात. शिवाय दुसऱ्या गिअरबॉक्सच्या क्लचची शिकलेली नोंद घेऊन तो तुमचे क्लच चालवणार. ईसीयू बदलायची वेळ आलीच, तर त्यात तुमच्या गाडीचं कॅलिब्रेशन भरून, जुनी नोंद पुसून, मगच गाडी हलवा.

"कॅनच्या दोन वायर जोडल्या की झालं"

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून नीट बघू. ट्रक-बसमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जे१९३९ या पद्धतीने कॅन लाइनवर बोलतात. पिळलेल्या दोन वायरींच्या मुख्य लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरीचा मेन स्विच बंद करून हाय आणि लो मध्ये मीटर लावला तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक गायब. ४० आले तर तीन रेझिस्टर झालेत. शून्याजवळ आले तर वायर शॉर्ट.

टोक गायब का होतं? जुन्या इंजिनच्या ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) किंवा त्याच्या लूमच्या (वायरींच्या जुडग्याच्या) शेवटी तो रेझिस्टर बसवलेला असतो. इंजिन गेलं, त्याच्याबरोबर तोही गेला. नव्या इंजिनात तो असेल किंवा नसेल. म्हणून मोजल्याशिवाय रेझिस्टर टाकणं चूक आहे. ६० येत असताना तिसरा टाकलात तर चालणारी लाइन अडखळायला लागते, कधी चालते, कधी नाही, आणि असा फॉल्ट शोधायला दिवस जातात.

आता चावी ऑन करून अर्थच्या तुलनेत व्होल्ट मोजा. हाय २.५ च्या थोडं वर, लो २.५ च्या थोडं खाली, दोन्हींची बेरीज साधारण ५. हाय-लो उलट जोडले तर काही जळत नाही, पण लाइन बंद पडते आणि मीटर, एबीएस तिच्यावर असतील तर तेही गप्प होतात. नऊ पिनांच्या गोल डायग्नोस्टिक कपलरवर सी पिन हाय आणि डी पिन लो, तिथेच मोजता येतं. मुख्य लाइनमधून काढलेला फाटा एक मीटरपेक्षा लांब नको. साध्या सुट्या वायरीने दोन मीटर ओढून आणलेला फाटा गाडी उभी असताना चालतो आणि अल्टरनेटर लोडवर आला की चुका करतो.

जुन्या गाड्यांत लाइनचा वेग २५० केबीपीएस असतो, नव्या इंजिनांपैकी बऱ्याच जणांचा ५००. वेगवेगळ्या वेगाचे दोन ईसीयू एकाच लाइनवर बसवले तर दोघंही एकमेकांना चुका समजतात. तिथे मध्ये गेटवे (दोन लाइनींमधला दुभाषी डबा) लागतो, वायर जोडून भागत नाही. जुना नऊ पिनी कपलर काळा आणि ५०० वेगाचा हिरवा असतो, रंगावरून अंदाज येतो.

वायर, वेग, रेझिस्टर सगळं बरोबर असूनही गाडी झटके देते, ते मॅन्युअल गिअरच्या ट्रकमधून काढलेल्या इंजिनात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शिफ्टच्या क्षणी इंजिनला कॅनवरून सांगतो, थोडा वेळ टॉर्क कमी कर. मॅन्युअलसाठी सेट केलेला इंजिन ईसीएम तो आदेश मानत नाही, उलट क्लच पेडलच्या स्विचची वाट बघतो. मग पूर्ण ताकदीवर क्लच पकडला जातो आणि पाठीमागच्या सीटवरचा माणूस पुढे आपटतो. इंजिन ईसीएममध्ये ट्रान्समिशनचा प्रकार बदलून घ्या आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून एक्सलेटरची टक्केवारी, इंजिन आरपीएम आणि टॉर्कची टक्केवारी गिअरबॉक्सच्या बाजूने दिसते का ते बघा. पेडल सावकाश दाबल्यावर एक्सलेटरची टक्केवारी शून्यापासून १०० पर्यंत न उडता चढली पाहिजे.

"झटके मारत असेल तर ऑइल जास्त भरा"

जास्त ऑइल फिरत्या भागांत घुसळून फेसाळतं, फेसाळलं की प्रेशर डळमळतं आणि तापमान वाढतं. म्हणजे झटके कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. लेव्हल सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलवर ठेवून बघायची. गाडी सुरू करण्यापुरती थंड लेव्हल चालते, पण खरी लेव्हल गरम ऑइलची: अ‍ॅलिसनच्या मोठ्या बस गिअरबॉक्सला ७१ ते ९३ अंश. कूलरचे पाइप उघडले होते, त्यामुळे पहिल्यांदा चालू केल्यावर ऑइल कूलरमध्ये भरतं आणि लेव्हल उतरते, ती पुन्हा बघा. जुनाच कूलर ठेवत असाल तर त्यातून कूलंट ऑइलमध्ये जात नाही याची खात्री करा. कूलंटमधल्या ग्लायकॉलने क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं, आणि मग खरंच गिअरबॉक्स खोलावा लागतो.

मेसेजमध्ये फ्लेक्सप्लेटचा, म्हणजे इंजिनला टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलमधून ताकद गिअरबॉक्सला देणारा गोल भाग) जोडणाऱ्या पत्र्याचा, उल्लेखच नाही, आणि सगळ्यात महाग चूक तिथे होते. बेल हाउसिंगचे बोल्ट आवळण्याआधी टॉर्क कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. हाउसिंगची फट बोल्ट आवळूनच बंद होत असेल तर थांबा. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसलेला नाही, तसंच ओढलं तर पंप फुटतो.

सगळं जुळल्यावर स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून, गिअरमध्ये पूर्ण एक्सलेटर देऊन आरपीएम बघायचे: चाकांना ओंडके, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही, पुढे-मागे कोणी नाही, १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. आरपीएम कंपनीच्या आकड्यापेक्षा १५० हून जास्त खाली असेल तर इंजिनची ताकद तपासा, १५० हून जास्त वर असेल तर गिअरबॉक्स घसरतोय. मग रिकामी गाडी शिरवळकडून खंबाटकी घाटात चढवा आणि ऑइलचं तापमान व शिफ्टचे आरपीएम लिहून ठेवा.

ज्यांचं जुनं इंजिन अजून गाडीतच आहे त्यांनी ते उतरवण्याआधी गव्हर्न आरपीएम, कॅनचं ओहम रीडिंग, सगळे कोड आणि ईसीयूवरच्या लेबलचा फोटो घेऊन ठेवावा. लूम कापू नये, प्रत्येक कपलरला चिठ्ठी बांधावी. रेझिस्टर कुठल्या टोकाला होता हे शोधायला तीच चिठ्ठी कामाला येते.