खांद्यात गोळी घाला, काही होत नाही म्हणे!

फॅनफिक, म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी (थोडक्यात फिक), लिहिणाऱ्या आपल्या मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय. नव्यानं लिहिणाऱ्यांना तो 'सोपे नियम' म्हणून दिला जातो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जखमांच्या खरेपणाच्या नादी लागू नका. डोक्यात फटका बसला की पात्र तीन-चार तास बेशुद्ध ठेवा आणि उठवा. गोळी खांद्यात घाला, तिथं धोका नसतो. मोडलेलं हाड पुढच्या प्रकरणात जुळलेलं चालतं. बाण, सुरी असेल तर जागच्या जागी उपसा, दृश्य जोरात होतं. बाजीप्रभू अंगभर जखमा घेऊन लढले, मग तुमच्या नायकाला काय झालंय? आणि शेवटचा हुकमी एक्का: वाचक केस पेपर वाचायला येत नाही, खरेपणानं गोष्ट थांबते.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. दिवसा तालमीतल्या पोरांचे खांदे आणि पेठांतल्या फुटबॉलवाल्यांचे गुडघे, रात्री फिक. त्यामुळं या मजकुरावर दोन्ही बाजूंनी राग आहे.

आधी डोकं. मार लागून आलेली बेशुद्धी बहुतेक वेळा काही सेकंदांची, फार तर काही मिनिटांची असते. अर्ध्या तासाच्या पुढं गेली की डॉक्टर त्या दुखापतीला सौम्य म्हणतच नाहीत. तीन-चार तास निपचित पडलेला तुमचा नायक उठून दोरखंड सोडवून खिडकीतून उडी मारणार नाही. तो उलटी करेल, तोच प्रश्न पाचव्यांदा विचारेल, उजेडाला डोळे मिटून घेईल, उगाच चिडेल. सौम्य मार असला तरी हे दोनेक आठवडे चालू शकतं. आणि खरी गंमत लेखकाच्या हातात असताना तो ती सोडून देतो. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साचत असेल तर माणूस शुद्धीवर येऊन काही वेळ, कधी काही तास, अगदी नीट बोलतो. चहा पितो, 'मला काही झालं नाही' म्हणतो. मग डोकं ठणकायला लागतं, झापड येते आणि तो खाली खाली जातो. सगळे निवांत झाल्यावर सुरू होणारं संकट! यापेक्षा चांगलं प्रकरण-शेवट कुठं मिळणार?

आता खांदा. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण हे माझं रोजचं काम आहे. खांदा म्हणजे मांसाचा गोळा, आणि त्यात गोळी आरामात मावते, असा समज सिनेमांनी करून दिलाय. प्रत्यक्षात कॉलरबोनच्या खालून हाताला जाणारी मोठी धमनी जाते, तिच्या शेजारून हाताच्या सगळ्या नसांचा जुडगा जातो आणि तिथंच फुप्फुसाचं वरचं टोक येतं. दंडातून रक्त वाहत असेल तर वर आवळून बांधता तरी येतं. कॉलरबोनखाली ती धमनी फुटली तर बांधायला वर जागाच नसते. मोठ्या माणसात रक्त साधारण 5 लिटर. त्यातलं 2 लिटर गेलं की जीव धोक्यात.

समजा नशीब बलवत्तर, धमनी वाचली, पण नस तुटली. शस्त्रक्रियेत जोडली तरी ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते. खांद्यापासून बोटांपर्यंतचं अंतर टेप लावून मोजा, हिशेब वर्षांत जातो. तोवर तो हात सदऱ्याचं बटण लावणार नाही, तलवार तर लांबच. आणि 'गोळी काढली, वाचला!' हेही बहुतेक खोटं. सांध्यात किंवा रक्तवाहिनीजवळ नसेल तर गोळी पुष्कळदा आत तशीच ठेवतात. मारतो तो रक्तस्राव, मारतो तो जंतुसंसर्ग.

गोळीचं राहू द्या, नुसता निखळलेला खांदा घ्या. फिकमध्ये पात्र भिंतीवर आपटून तो बसवतं आणि लगेच हाणामारीला लागतं. आमच्याकडं कुस्तीच्या हौद्यात खांदा उतरलेला पैलवान येतो तेव्हा तो दुसऱ्या हातानं कोपर धरून, तोंडातून शब्द न काढता, एका अंगावर वाकून चालत येतो. शंभर किलोचा गडी खुर्चीवर टेकायलाही घाबरतो. भिंतीवर आपटून नस दुखावली तर दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर ठिपका राहतो आणि हात वर उचलत नाही. विशीच्या आतल्या पोराचा खांदा एकदा उतरला की पुन्हा उतरायची शक्यता फार मोठी असते, म्हणून पुन्हा मातीत उतरायला काही महिने लागतात. वस्तादांना हे पाठ असतं. लेखकांना नसतं.

हाडांचं लवकर उरकते. कॉलरबोनला सहा ते आठ आठवडे, नडगीच्या हाडाला तीन-चार महिने किंवा जास्त. बरगडीला सहाएक आठवडे, आणि त्या काळात हसणं, खोकणं, शिंकणं ही शिक्षा. पण क्ष-किरणात हाड जुळलेलं दिसणं आणि पाय चालणं या दोन गोष्टी आहेत. प्लास्टर काढल्यावर आतून जो पाय निघतो तो काटकुळा, सालपटं निघालेला, वाकायला तयार नसलेला असतो. पेशंट त्याच्याकडं परक्याच्या पायासारखं बघतात. हे दृश्य मी एकाही फिकमध्ये वाचलेलं नाही.

बाण आणि सुरी उपसू नका. तीच बूच म्हणून बसलेली असते, उपसली की रक्ताला वाट मोकळी. शिवकाळात गोष्ट घडत असेल तर पुढचा विचारही करा. पेनिसिलिनचा शोध 1928 चा. मातीनं, घोड्याच्या लिदीनं भरलेली जखम वरून सुकली तरी आठवडाभरानं धनुर्वातानं जबडा आवळू शकतो.

आणि बाजीप्रभू. पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा लोकांपुढं हे नाव घेतलं की वाद संपेल असं मजकूर लिहिणाऱ्याला वाटलं असावं. माणूस जखमी अवस्थेत लढू शकतो, यात शंकाच नाही. मोठ्या तणावात शरीर वेदना काही वेळ दाबून धरतं, रणांगणात आणि आखाड्यातही. मजकुरातला एवढा भाग मला मान्य आहे. पण 13 जुलै 1660 ला घोडखिंडीत काय झालं ते पुरतं आठवा. बाजीप्रभूंनी खिंड लढवली आणि तिथंच देह ठेवला. साडेतीनशे वर्षं पोवाड्यांतून आपण ज्यासाठी गहिवरतो, ती त्या जखमांची किंमतच आहे. ते दुसऱ्या दिवशी विशाळगडावर हात झाडत पोचले असते, तर खिंडीला पावनखिंड कोण म्हणालं असतं? हा दाखला त्या मजकुराच्या बाजूचा नाहीच.

राहिला हुकमी एक्का. केस पेपर कुणालाच नको, मलाही नको. टाक्यांची संख्या आणि औषधांची नावं पानभर लिहिणारे फिक मीही अर्ध्यात सोडते. पण आपले वाचक फिककडं येतात ते बहुतेक हर्ट-कम्फर्टसाठी, म्हणजे एकाला लागावं आणि दुसऱ्यानं त्याला जपावं यासाठी. मूळ कथेत जी दोन माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत, ती एका खोलीत अडकावीत, एकाला दुसऱ्याची गरज पडावी, यासाठी. जखम पुढच्या प्रकरणात गायब केली की ती गरजच संपते. म्हणजे हर्ट ठेवलं आणि कम्फर्टला दारातून परत पाठवलं. मूळ कथेत जादूचं औषध असेल तर खुशाल वापरा, पण त्याला काही मर्यादा द्या, नाहीतर कुणाच्या पडण्याचं वाचकाला काहीच वाटत नाही.

उजवा हात गळ्यात अडकवलेल्या माणसाला काय काय जमत नाही त्याची यादी करून बघा. नाडी बांधता येत नाही. केस विंचरता येत नाहीत. कुशीवर झोपता येत नाही, म्हणून रात्री दोनला जागा असतो, आणि जागा माणूस बोलतो. तांबडा रस्सा समोर आला तरी डाव्या हातानं भाकरी मोडत नाही, कुणीतरी कुस्करून द्यावी लागते. ती कुस्करून देणारा तोच निघाला, ज्यानं मागच्या प्रकरणात त्याच्यावर वार केला होता, तर तुमच्या पुढच्या तीन हजार शब्दांची सोय झाली.