शॉर्ट स्केल म्हणजे नवशिक्यांचा बास? काहीतरीच!

एका लेखात शॉर्ट स्केलला (म्हणजे ज्याच्या वाजणाऱ्या तारेची लांबी कमी असते त्या बास गिटारला) 'नवशिक्यांचा बास' म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनसारखा हॉफनर बास ३० इंचीच आहे की, फेंडर कंपनीने १९६६ला मस्टँग बास काढला तोही ३०, आणि त्यांचाच नेहमीचा लाँग स्केल प्रिसिजन बास ३४. चार इंचांनी काय होतंय असं वाटतं पण पहिल्या फ्रेटपाशी (नेकवरच्या धातूच्या पट्टीपाशी) बोटं ताणून बघा म्हणजे कळेल. मी सेकंडहँड स्क्वायर ब्रॉन्को घेतला (हाही शॉर्ट स्केलच), बॉडीला दोन टवके, मागे बेल्टच्या बकलचे ओरखडे आणि व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर, पण नेक सरळ आणि फ्रेट्स जवळजवळ कोरे, अजून काय पाहिजे! खरखर काय, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि गेली. मग फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेढ्यांच्या गुळगुळीत, स्ट्रिंग्ज चढवल्या (शॉर्ट स्केलच्याच मागून घ्या हां, लाँगच्या घेतल्या तर जाड भाग पेगच्या खुंटीवर गुंडाळला जातो आणि तुटू शकतात) आणि काय तो गुबगुबीत आवाज, अहाहा! ई स्ट्रिंग, म्हणजे सगळ्यात जाड तार, जरा ढिली लागते हे मान्य, थोडी जाड लावली की भागतं. आणि नव्या बासला पहिला ओरखडा पडला की जीव कासावीस होतो ना, इथे ते काम आधीच कोणीतरी करून ठेवलंय, तेही फुकट 😄